व्याख्याता: मुख्य सभासद

मार्चमधल्या तिसऱ्या शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता, सिंगापुरात पाया लेबारच्या एका भाड्याच्या सभागृहात मी एका फ्रेंच चित्रकारावर पन्नास मिनिटं बोलले. पुढच्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाच्या अंकात त्याचा वृत्तांत आला. व्याख्याता म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव छापलं होतं. त्या संध्याकाळी तो पासिर रिसला बॅडमिंटन खेळत होता.

विषय मीच निवडला होता. हा चित्रकार नवअभिजात शिस्तीत वाढला. रेषा त्याने तीच ठेवली. पण निळसर कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने तो चित्रातल्या देहांवर असा मऊ उजेड आणी, की पुढचे रोमँटिक चित्रकार उंबऱ्याशी येऊन थांबलेत असं वाटतं. त्याची एक शिष्या होती, पुढे सहचरी झाली. कच्ची रेखाटनं बहुधा तो करी, रंगवायची ती. तिच्या काही चित्रांवर नंतर त्याचं नाव लागलं, कारण बाजारात त्या नावाला भाव होता. ती गेल्यावर तिचं अपुरं चित्र त्याने पुरं केलं. पडद्यावर मी दोघांची नावं सारख्याच आकारात दिली होती.

वृत्तांतात शिष्येचा उल्लेखच नव्हता.

मी चिटणिसांना फोन केला. त्यांनी शांतपणे समजावलं: कुटुंब सभासदत्वाच्या अर्जात मुख्य सभासदाचा एकच रकाना असतो, अंकातली नावं त्या यादीतून घेतात. मी म्हटलं, तुम्ही पहिल्या रांगेत होतात, आभारही तुम्हीच मानलेत.

"हो वहिनी, छानच बोललात. पण नाव घरातलंच आहे ना?"

पुण्यात मी अकरा वर्षं वर्तमानपत्रात उपसंपादक होते. तिथे नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती जाई, आणि चूक करणारा आठवडाभर संपादकांसमोर जात नसे. मी लेखी दुरुस्ती मागितली.

तोवर मंडळाच्या ग्रुपवर नवऱ्याचं अभिनंदन सुरू झालं होतं. त्याने मीटिंगमधूनच जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं. रात्री जेवताना मी ते त्याला दाखवलं. न वाचताच टाकलं गं, म्हणाला. मुलगी ताटातून मान वर न करता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत बोलली, "पपा, यू वेअर प्लेइंग बॅडमिंटन, लाह."

पुढच्या अंकात शेवटच्या पानावर, योगवर्गाच्या जाहिरातीखाली शुद्धिपत्र आलं: 'मागील व्याख्यानास सौ. वहिनींचेही मोलाचे सहकार्य लाभले.'

गेल्या रविवारी पुढच्या व्याख्यानाचं निमंत्रण आलं, नवऱ्याच्या फोनवर. त्याने चिटणिसांना लिहिलं, "मागचं व्याख्यान माझं नव्हतं, हिचं होतं. तसं छापा. पुढचंही तिलाच विचारा." खाली माझं पूर्ण नाव आणि नंबर दिला.

सव्वानऊला दोन निळ्या खुणा उमटल्या. आज बुधवार. उत्तर आलेलं नाही.