शेषाची डबी

हेदवीच्या दशभुजा गजानना, दहाही हातांनी लेकरं सांभाळणाऱ्या देवा, आधी तुला वंदन. मग तुझ्या एका भोळ्या भक्तिणीची कथा.

तिचे नाव सगुणा. रत्नागिरीतल्या एका चाळीची ती काकू. देवापुढचे फूल असो वा नारळाची भकल, शेष टाकू नये, गरजवंताला द्यावे, हा तिचा नेम. तोच तिने औषधांना लावला. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या देव्हाऱ्यालगतच्या फळीवरल्या पितळी डबीत जात. कुणी कण्हत आले की डबी उघडे, आणि वर मायेचा हात फिरे.

गटाराशेजारच्या नळाला गढूळ पाणी आले आणि नात सानवी तापली. सगुणाने डबी उघडली. ताप ओसरला, गोळ्या थांबल्या. ताप उसळून परतला. पुन्हा डबी, पुन्हा तेच. पोर बरळू लागली, तेव्हा मुलगा संदेश तिला उचलून दवाखान्यात धावला.

"टायफॉइड दिसतोय," डॉक्टर दीपाली म्हणाल्या. "आधी काय दिलंत?"

सगुणाने पोरीकडे पाहिले. खरे सांगावे तर घात आपल्याच हातचा. लपवावे तर पोर जाते.

"शेष दिलं, बाई. लोकांच्या उरलेल्या गोळ्या."

"बरं झालं बोललात. काकू, अर्धवट औषधातून वाचलेले जंतू, तेच खरं शेष. ते पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत."

रक्त तपासणीला गेले. नेहमीच्या गोळ्या लागू पडणार नव्हत्या. सलाईनमधून वेगळे औषध सुरू झाले. सगुणा उशाशी नाम घेत, जळत्या कपाळावरचा हात न काढता बसून राहिली. एका सकाळी त्या हाताला घाम लागला.

घरी आल्यावर डॉक्टरांनी शेवटपर्यंत संपवायला सांगितलेल्या पुढच्या गोळ्या चालू होत्या. सानवी अंगणात बागडत होती. तोच शेजारची कमळा दारात आली.

"काकू, बाय तर नाचते आता. उरलेल्या द्या की. आमच्या ह्यांचं अंग फणफणलंय."

सवयीने हात फळीकडे गेला, आणि थांबला.

"ह्या वेळी शेष नाही गो."

"देवाघरचा प्रसाद आटला म्हणायचा."

"रागव हवं तर. पण त्यांना डॉक्टरांकडे ने. थांब, मीच येते संगती."

तिने सानवीला गोळी दिली, उकळून गार केलेले पाणी पाजले आणि पायांत चपला सरकवल्या. डबीत आता अक्षता होत्या.

गजानना, त्या माउलीचा देता हात असाच राहो, आणि तिच्या उंबऱ्याआत सानवीचे हसू अखंड नांदो.