नेटिव्ह नसलेली दामिनी

परतवाड्याच्या बाजारात खुशालरावांचं भाजीचं दुकान. त्यांची लेक दामिनी अमरावतीला इंग्रजीत एम.ए. झाली आणि तिथल्याच एका क्लासमध्ये नऊ वर्षं शिकवत राहिली. इंग्रजी वाक्याला घाबरून खाली बघणारी मेळघाटातली पोरं तिच्या हाताखाली बोलती झाली. मग परदेशात जाऊन शिकवावं असं तिच्या मनानं घेतलं. त्यासाठी लागणारा कोर्स तिनं केला, इंग्रजीची परीक्षा दिली आणि व्हिएतनामला शिक्षक पाठवणाऱ्या एका एजन्सीत अर्ज टाकला.

एजन्सीच्या मनोजनं तिचा नमुन्याचा तास व्हिडिओवर पाहून तोंडभरून कौतुक केलं. आठ दिवसांनी त्याचाच फोन आला, जागा दुसऱ्याला गेल्याचा. तिकडच्या पालकांना 'नेटिव्ह', जन्मापासून इंग्रजी बोलणारा, हवा असतो, म्हणजे खरं तर गोरा. निवडलेल्या इंग्लंडच्या मुलानं आजवर एकही वर्ग घेतला नव्हता. त्याला पाठ मात्र दामिनीनं लिहून द्यावेत, अशी मनोजची इच्छा. पुढच्या वेळी तिचंही जमेल, तो म्हणाला. फक्त नाव डायना सांगायचं आणि लहानपण दक्षिण आफ्रिकेत गेलं म्हणायचं, म्हणजे तीही 'नेटिव्ह' ठरेल.

दामिनीचं डोकं सणकलं. आवाज तिनं चढवला नाही, पण रागात घरची बोली बाहेर पडली.

"मी परतवाड्याची हाओ. इंग्रजी मले शिका लागली, म्हणून शिकवता येते. ज्याले आयती भेटली, त्याचे पाठ तुमीच लिहा."

खुशालरावांना हे कळलं तेव्हा ते मेथीच्या जुड्या बांधत होते. "भाजी सोडून टोपलंच पाहून राहिले काय ते लोक?" एवढंच ते बोलले.

दामिनीनं मग थेट व्हिएतनाममधल्या शाळांनाच पत्रं धाडली. बहुतेक शाळांनी उत्तर दिलं नाही, दोन शाळांनी पासपोर्ट कुठल्या देशाचा एवढं विचारून विषय संपवला. एका लहान गावच्या मुख्याध्यापिकेनं मात्र व्हिडिओवरून तिला मुलांपुढे उभं केलं आणि तासाच्या शेवटी होकार दिला. करार आला, त्यात पद लिहिलं होतं 'सहायक शिक्षिका'. वर्ग कोण घेणार, दामिनीनं विचारलं. तुम्हीच, उत्तर आलं. मग 'सहायक' खोडा, तिनं कळवलं. तीन आठवडे शाळेच्या मंडळात वाद चालला. इकडे आईनं, चतुराबाईंनी, एका शब्दापायी हातचं घालवू नको म्हणून विनवलं. ती हलली नाही. शब्द निघाला, तेव्हाच तिनं सही केली.

याला आता दोन वर्षं झाली. अजूनही तिकडचा एखादा पालक तिच्या वर्गाच्या दारात येऊन विचारतो, परदेशी शिक्षक कुठे आहेत? दामिनीला दर वेळी तेवढाच संताप येतो. ती त्याला मागच्या बाकावर बसवते आणि अख्खा तास ऐकायला लावते.