परशुरामच्या खुब्यातलं जास्तीचं हाड

ठाकुर्लीजवळच्या एका गावात परशुराम टेनिस क्रिकेटचा अंपायर होता. एका सामन्यात चेंडू आंब्यात अडकला. सिक्सर की नाही, यावरून दोन्ही टीम हमरीतुमरीवर आल्या, तेव्हा हा स्वतः बघायला झाडावर चढला. फांदी मोडली. खाली पडल्यावर पाय हलेनात, तरी त्याने आधी दोन्ही हात वर करून सिक्सर दिला आणि मग बोंबलला.

मणक्याला मार बसला होता. चालणं गेलं, कमरेखाली थोडी जाणीव तेवढी उरली. बायको आवडाबाई हाडं भरून यावीत म्हणून त्याला रोज मटणाच्या पायाचं सूप पाजू लागली. चौथ्या महिन्यात उजवा खुबा सुजला, तापला, ठणकायला लागला. पाय वाकेचना. व्हीलचेअरवर बसवलं की तो रेल्वे फाटकाच्या दांड्यासारखा सरळ पुढे. आलेला-गेलेला त्याला अडखळायचा आणि परशुराम शिव्या हासडायचा.

वर्तकनगरच्या डॉक्टर जागृतींनी तपासण्या करून सांगितलं, "मणक्याच्या दुखापतीनंतर कधी कधी होतं असं. खुब्याभोवती, स्नायूंत, नको तिथे हाड वाढलंय."

आवडाबाईने कपाळावर हात मारला. "मीच वाढवलं गो बाय! रोज दोन वाट्या!"

"सुपाने नाही होत हो."

"म्हणजे अनधिकृत बांधकाम," परशुराम म्हणाला. "मग पाडा की आजच!"

"घाई केली तर परत उभं राहील. आधी वाढ थांबू दे."

गोळ्या आणि हलका व्यायाम सुरू झाला. दीड वर्ष परशुराम तिरका बसला, तिरका जेवला, भाचीच्या हळदीत तिरकाच नाचला, म्हणजे खांदे उडवले. मग ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच त्याने हाड बघायला मागितलं. डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो दाखवला. आल्याच्या गड्ड्यासारखं काहीतरी होतं.

"एवढंसंच?" तो हिरमुसला. "मी गावात नारळाएवढं सांगितलंय."

"नारळच सांगा," आवडाबाई म्हणाली. "कोण मोजायला येतंय?"

हाड पुन्हा वाढू नये म्हणून गोळ्या झाल्या, एकदा रेडिएशनचा शेक झाला, रोज पाय वाकवून घेणं झालं. चालणं परत आलं नाही, पण ठणका गेला आणि पाय काटकोनात वाकू लागला. एका दुपारी त्याचे गुडघे जेवणाच्या टेबलाखाली गेले. सरळ बसून त्याने कोळंबीच्या कालवणाचा भुरका मारला.

"तिखट कमी पडलंय गो."

आवडाबाईने खुर्ची ओढली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी समोरासमोर बसून भांडली.