गिरिराजवरून पुन्हा तोच चढ

"चढ लागला का पोरी उतरतेतच."

दादा हे म्हणाला तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि माझी नवी कोरी गिरिराज ढकलत घरी आले होते. जाड टायर, सरळ हँडल, पाच गिअर. नेरमध्ये त्या कंपनीच्या सायकली दादाच विकायचा. कापूस विकून बाजारातून निघालेले बाप थेट त्याच्या दुकानात येत आणि दादा प्रत्येक नव्या सायकलच्या हँडलला कापसाचं एक बोंड बांधून देई.

पुढे कापसाचीच वर्षं अशी आली की बोंड बांधायला गिऱ्हाईक उरलं नाही. कंपनीही बंद पडली. दादा आता मोबाइल विकतो. पण दुकानाच्या माळ्यावर एक गिरिराज अजून खोक्यात आहे, न जोडलेली. "कंपनी परत आली का दाखवाले एक पायजे," म्हणतो.

यंदा माझ्या सायकलच्या मागच्या चाकाचं फ्रीव्हील निसटायला लागलं, पॅडल मधेच रिकामं फिरे. जुन्या गिरिराजचे भाग यवतमाळला लागूनच असलेल्या लोहाऱ्याला, सलीमचाचांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात मिळतात, असं कळलं. सायकल बसच्या टपावर टाकता आली असती. त्रेचाळिसाव्या वर्षी वाटलं, चालवतच न्यावी.

पहाटे सहाला निघाले. नेर ते यवतमाळ साधारण तीस किलोमीटर. नऊपर्यंत रस्ता आपला, मग ट्रकवाल्यांचा. पाणी भरपूर घ्या. वाटेत टपरीवर गरम आलुबोंडा आणि चहा, तीस रुपयांत पोट भरतं.

रस्त्याकडेला कापसाची वेचणी चालली होती. कमरेला ओटी बांधलेली एक बाई सायकल बघून शेताच्या कडेला, धुऱ्यावर आली.

"गिरिराज ना? माह्या पोरीनं याच्यावरच दहावी केली. आता भेटते का हे कुठी?"

"नाही मिळत. कापूस कसा आहे?"

"बोंड फोडलं का अळीच निघून राह्यली," ती म्हणाली आणि हँडलवरून हात फिरवून परत ओळीत गेली.

यवतमाळच्या अलीकडे चढ लागला. वेग कमी झाला तसं पुढचं चाक नेहमीसारखं भरकटलं, चवडा टायरला घासला आणि मी उतरले. सत्तावीस वर्षांची सवय. ढकलत वर गेले.

लोहाऱ्यात सलीमचाचांनी सायकल उभी केली, चष्मा वर सरकवला आणि फ्रीव्हील सोडून पुढेच बघत बसले.

"बाई, हे जोडली कोणं?"

"माझ्या भावानं."

"सख्खा हाय का?"

"म्हणजे?"

"चिमटा उलटा बसवला ना त्यानं!" पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर त्यांनी पाना वाजवला. "याचा बाक समोर पायजे, यानं मांगं केला. चढावर पाय अडकत असंन."

चाचांनी अर्ध्या तासात चिमटा फिरवला, फ्रीव्हील बदललं आणि सगळ्याचे मिळून अडीचशे घेतले.

"चाचा, कंपनी परत येईल का हो?"

"नाव तं आलं, माल दुसऱ्याचाच. यवतमाळात एका दुकानात टांगली हाय पाहा. उचलून पाहा फक्त."

मैत्रिणीकडे मुक्काम होता, जाता जाता त्या दुकानात डोकावले. तेच अक्षर, तोच हिरवा रंग. उचलली तर दोन्ही हातांना जड, आणि मधली स्प्रिंग शोभेची. चिमटा मात्र सरळ होता.

दुसऱ्या दिवशी परतीला तोच चढ उतार म्हणून समोर आला. भुर्रकन खाली पोचले. घर पुढे होतं. मी सायकल वळवली.

पहिला गिअर. चाक सरळ. चवडा मोकळा. मध्यावर श्वास संपत आला, एक ट्रकवाला काच खाली करून ओरडला, "दमानं, ताई, दमानं!" मी दमानंच गेले, पण गेले. वर पोचून पाय टेकला आणि एकटीच इतकी हसले की रस्त्यापलीकडच्या शेळ्या पांगल्या. मग पुन्हा उतरून नेरची वाट धरली.

आता घरी येऊन आठवडा झाला. मांड्या अजून दुखतात आणि प्रत्येक दुखण्याचा मला अभिमान आहे. दादाला सांगावं की नाही, ठरत नव्हतं. त्यानं स्वतःच बघितलं. चिमट्याच्या समोर आलेल्या बाकावरून बोट फिरवलं.

"पहिल्या खेपेच्या साऱ्या तशाच जोडल्या म्या," हळूच म्हणाला. "पोरी उतरत, मले वाटे..."

त्या रस्त्यानं माझ्यासारख्या आणखी किती जणी सायकल ढकलत गेल्या असतील, हे आम्ही दोघंही मोजत होतो.

कंपनी परत येईल असं मला वाटत नाही. त्याला वाटतं, आणि त्या खोक्याला हात लावणं म्हणजे ते वाटणं सोडणं. तो नाहीच म्हणेल, हे मला ठाऊक आहे. तरी काल शेतातून एक चांगलं, न किडलेलं बोंड शोधून आणलं आणि त्याच्या टेबलावर ठेवलं.

"दादा, माळ्यावरचं खोकं खाली काढ ना. ती सायकल जोड, माझ्यासमोर, आणि पहिल्यांदा चढावर तू घे."