हौसामावशीने ठरवून केलेली चूक

आमच्या पनवेलच्या मोहल्ल्यातल्या अल्फियाला खोटं पचत नाही. एकदाच वागली खोटं, आणि ते तिच्या मानगुटीवर बसलं.

जवळच्या बेलपाडा गावातल्या बायकांना ती बरीच वर्षं फुकट इंग्रजी शिकवायची. शिकवणं झकास, पण हातात सर्टिफिकेट नाही. मॉल आल्यापासून अब्बांचं कापडाचं दुकान बसलं, तेव्हा ती आखातात अर्ज करू लागली. जो तो सर्टिफिकेटच मागे. शेवटी २०१२ साली बहरीनच्या एका क्लासवाल्यांनी कळवलं, स्काइपवर शिकवून दाखवा, पटलं तर घेऊ.

कॉम्प्युटर होता हौसामावशीकडे. सरकारात जमिनी गेल्या, त्या पैशातून बंगला आला, त्यातली ही मावशी. तिची नात अंकिता कॉलेजात जायची, फाडफाड इंग्रजी बोलायची आणि आजीला हसायची. हिला एकदा इंग्रजीतच गप्प करायचं, एवढ्यासाठी मावशी क्लासला यायची. वर्गात सगळ्यांत हुशार तीच.

"मावशी, तुम्ही आधी चुकायचं. मग मी शिकवते, मग बरोबर बोला," अल्फिया म्हणाली. "म्हणजे माझं शिकवणं दिसेल. अल्लाह माफ करो, पण कुणाला सांगू नका."

"नाय सांगनार, बाय."

त्या दिवशी अंकितानेच स्काइप लावून दिलं. 'व्हॉट इज युवर नेम?' विचारल्यावर मावशीने ठणकावून सांगितलं, 'फाइन, थँक यू!' अंकिता हसून हसून सोफ्यावर लोळली. मग अल्फियाने शिकवलं, मावशी सुधारली, बहरीनवाले खूश. नोकरी मिळाली. इकडे पाहुणे आले की अंकिता आजीची नक्कल करून दाखवी. मावशीने घरात इंग्रजी बोलणंच सोडलं.

अल्फिया पेढे घेऊन गेली, तर अंकिता म्हणते, "मॅडम, आजीला स्वतःचं नाव सांगता येईना, तरी तुम्हाला जॉब?"

अल्फियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती खरं सांगणार, तोच मावशीने तिचा हात दाबला आणि कानात पुटपुटली, "गप. हिच्या तोंडात तीळ भिजत नाय. तुजी नोकरी जाईल."

आणि अल्फिया बया गप्प बसली! मला तिचा तेव्हा राग आला होता, अजूनही येतो.

बहरीनमध्ये मात्र तिला घास गोड लागेना. नोकरी कायम झाली त्याच दुपारी तिने स्टाफरूममधून बेलपाड्याला स्काइप लावलं.

"अंकिता, तेव्हा आजी माझ्यासाठी मुद्दाम चुकली होती. मीच सांगितलं होतं तसं. आता ऐक तिचं इंग्रजी." मग तिने विचारलं, "मावशी, व्हॉट इज युवर नेम?"

अल्फियाच्या मागे एक साहेब कपाटातून पुस्तकं काढत होता. मावशीने त्याला पाहिलं. पदर सावरला, ताठ बसली आणि मोठ्याने म्हणाली, "फाइन, थँक यू!"

अंकिता या वेळी हसली नाही. आजीकडे बघतच राहिली. अल्फियाला रडू आवरेना.

मावशी घाबरी झाली. पडद्याला तोंड लावून हळूच म्हणाली, "बाय, रडतेस काय? शिकव ना आता. मागं मानूस उभा हाय."