इब्राहिमच्या लाँचचं तंगडं

बातमी घेऊन नजीर दुकानात आला, तेव्हा इब्राहिमच्या लाँचचं तंगडं माझ्या बाकावर उघडं पडलं होतं आणि मी मनातल्या मनात इब्राहिमला शिव्या घालत होतो. नजीर म्हणजे त्याचा मेहुणा, भाभीचा धाकटा भाऊ. नखशिखांत भिजून दारात उभा. सकाळी चहा घेताना इब्राहिमच्या छातीत कळ आली, डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं, एवढंच तो बोलला. खरं सांगतो, रडू नाही आलं, आधी राग आला. असं कुणी जातं का? बाकावर पसारा टाकून?

इब्राहिम माझा शाळेपासूनचा दोस्त. कुवेतला बरीच वर्षं राबला आणि ऐंशी सालाच्या सुमारास कायमचा परत आला तो एक जुनी फायबरची लाँच घेऊनच. मुंबईच्या कुणा हौशी माणसाने वापरून टाकलेली. आमच्याकडे सगळ्यांच्या होड्यांना सरळ दांडा आणि पंखा. हिचं इंजिन पोटात आणि मागे बाहेर, पाण्यात लोंबणारा गियरचा पाय. बंदरावर त्याला सगळे तंगडं म्हणत. मी पंप दुरुस्त करणारा माणूस, मला म्हणाला, पंपासारखंच आहे रे. कसलं पंपासारखं! आतलं तेल दर पावसाळ्याआधी बघायचं, ताकासारखं पांढरं दिसलं की पाणी शिरलं समजायचं. आणि ते दरवर्षी ताकासारखंच निघायचं. मी म्हटलं, विकून टाक ही ब्याद. तेव्हा तो चेष्टा सोडून म्हणाला, "सदा, ही नाय चालली तर मला परत जावं लागेल. आणि मला परत नाय जायचंय." त्यानंतर विकण्याची गोष्ट मी काढली नाही. त्याच लाँचने तो खाडीपलीकडे माणसं नेई, लग्नसराईत वऱ्हाडं नेई, आणि संध्याकाळी घरी जेवायला असे.

आता त्याच्या डोक्याचा प्रकार सांगतो. तंगड्याला एक जस्ताचा गोळा असतो. खारं पाणी आधी त्याला खातं, म्हणून बाकीचा धातू वाचतो. तो उघडाच ठेवायचा. पण नारळी पौर्णिमेच्या आधी आमच्याकडे होडी नवरीसारखी रंगवतात, आणि इब्राहिम कुवेतची सगळी वर्षं या रंगकामाला मुकलेला. नारळ मी फोडायचा, माझा हात चांगला म्हणून. रंग तो लावायचा. निळा डबा घेऊन बसला की लाँच, वल्हं, बादलीची कडी, आणि शेवटी जस्ताचा गोळासुद्धा! गोळा रंगाखाली सुरक्षित, आणि तंगड्याला भोकं. त्या भोकांतून पाणी आत, तेलाचं ताक, आणि ते उपसायला मी. किती वेळा सांगितलं असेल! दरवर्षी मान डोलवायचा आणि दरवर्षी रंगवायचा. एकदा मी फारच तडकलो तर म्हणाला, "झिजतोय रे तो. बघवत नाय." मी म्हटलं, झिजायलाच बसवलाय तो, तो झिजला म्हणून बाकीचं टिकतं. ब्रश खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे कुवेतला मी." आणि उचलला ब्रश, लावला रंग. अशा माणसाशी काय बोलायचं?

या वर्षी पाऊस लागायच्या आधी तंगडं हातगाडीवर घालून आला. आतून आवाज येतो म्हणाला, पूर्ण उघड, एक दातसुद्धा बघायचा राहू देऊ नको. मी उघडलं. तेल मधासारखं स्वच्छ. गियर ठीक, बेअरिंग ठीक, रबर ठीक. पुन्हा जुळवलं, फिरवलं, पुन्हा उघडलं. कसलाही आवाज नाही. आणि जस्ताचा गोळा? उघडा. रंगाचा ठिपका नाही, झिजून सुपारीएवढा उरलेला. म्हणजे गेल्या पौर्णिमेला माझं ऐकलं होतं पठ्ठ्याने, आणि मला सांगितलंही नाही! याच रागात मी होतो, आणि नजीर आला.

त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर भाभीकडे गेलो. आवाजाचं विचारलं. ती म्हणाली, आवाज कधीच नव्हता. छातीत दुखायचं त्यांच्या, शिमग्यापासून. मला शपथ घातलेली. म्हणायचे, लाँच धड असली तर नजीर चालवील, त्याला कुवेतला पाठवायची पाळी येणार नाय. सदाने एकदा आतून बघून ठेवलेली बरी.

अरे, छातीत दुखतं हे सांगायचं सोडून तंगड्यात आवाज येतो म्हणून सांगणारा माणूस! मला सांगितलं असतंस तर उचलून डॉक्टरकडे नेला असता, मेल्या. हातगाडीवर घालून नेला असता. ते ठाऊक होतं, म्हणूनच नाही सांगितलंस.

तंगडं मी बसवून दिलं, नवा गोळा लावून. नजीरने लाँच निळी रंगवली आणि ब्रश घेऊन गोळ्यापाशी आला, तसा मी असा ओरडलो की शेजारच्या होडीवरची माणसं वळून बघू लागली. नारळी पौर्णिमेला नारळ फोडला. नजीर लाँच घेऊन खाडीत गेला. मी धक्क्यावर ती पार दिसेनाशी होईपर्यंत कान लावून उभा होतो. आवाज नव्हता.

जुना गोळा अजून माझ्या बाकावर आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हे भंगारात घालायचं का. मी म्हणतो, राहू दे, इब्राहिमचा आहे.