मॅमी प्रिसिलाच्या गालावरच्या रेघा

पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनात माझ्या फोटोच्या स्टुडिओसमोर मॅमी प्रिसिला अकारे, म्हणजे चवळीचे वडे, तळायची. माझ्या पडद्यांना कायम तिच्या पामतेलाचा वास. तिच्या दोन्ही गालांवर तीन-तीन आडव्या रेघा होत्या, लहानपणी एग्बा मुलखात सुरीनं कोरलेल्या. गुलामांच्या जहाजातून सुटून ती इथं उतरली तेव्हा दहा वर्षांची होती. पाद्र्यांनी नाव प्रिसिला ठेवलं, मूळची मोरेनिके.

१८७६ साली कोलाच्या बियांचे व्यापारी डॅडी जेरेमाया एग्बा मुलखातल्या अबेओकुटाहून निरोप घेऊन आले. तिथं इबिदुन नावाची म्हातारी होती. पाणवठ्यावरून पळवून नेलेल्या धाकट्या बहिणीसाठी, मोरेनिकेसाठी, अजून रडत होती. पण याआधी दोघी जणी 'मीच ती' म्हणत येऊन पाहुणचार झोडून गेल्या होत्या. आता म्हातारीचं एकच म्हणणं : मला तोंड दाखवा.

प्रिसिलाचे पाय सुजलेले, समुद्रप्रवास जमणार नव्हता. ती माझ्याकडे आली.

"एझेकिएल, बहिणीला पाठवायचाय फोटो. गाल नीट दिसू देत हं."

निरोपाचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वाटलं, म्हातारपणी नटायची हौस. मी हसलो. "मॅमी, नवरी दिसशील!"

डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा लावून ती बसली. एकदाही पापणी लवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा थिओफिलस आला. सरकारी कचेरीत कारकून, कडक कॉलर.

"मास्टर, आईचा फोटो माझ्या दिवाणखान्यात लागणार. सासरची माणसं येतात. त्या रेघा तेवढ्या घालवता येतील?"

"येतील की."

फोटोच्या निगेटिव्हच्या काचेवर पेन्सिल फिरवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या गावात कुणी नव्हता. तासाभरात गाल गुळगुळीत झाले. एकाच काचेवरून दोन प्रती काढल्या, एक लेकाला, एक आईला. धुरानं तिचे डोळे अधू झालेले. तिनं कागदावरून बोट फिरवलं, आणि डॅडी जेरेमायांच्या हाती सोपवला.

पाच महिन्यांनी ते परतले ते थेट तिच्या चुलीपाशी. मीही तिथंच खात उभा होतो. त्यांनी फोटो खाली ठेवला.

"घेतला नाही तिनं. अंगठ्यानं गाल घासून बघितला. म्हणाली, ही कुणी गोऱ्यांची मड्डम असेल. माझ्या बहिणीच्या गालावर आमच्या बापाचं घर आहे."

प्रिसिला माझ्याकडे वळली. मी हातातला अकारा खाली ठेवला.

"मॅमी, मी... पेन्सिलीनं..."

"पेन्सिलीनं?" ती हळूच म्हणाली. "माझ्या बापानं मला मांडीवर धरून कोरवून घेतलं, ते तू पेन्सिलीनं पुसलंस? कुणी सांगितलं?"

मी लेकाचं नाव घेतलं. कढईतले अकारे करपले, तरी तिनं झारा उचलला नाही.

त्याच दुपारी मी नव्या काचेवर तिचा फोटो घेतला. पेन्सिलीला हात लावला नाही. पुढच्या बोटीनं फोटो गेला, आणि तसाच परत आला. तो पोचण्याआधी अकरा दिवस इबिदुन गेली होती. शेवटपर्यंत म्हणत होती, तिसरीनंही फसवलं.

बातमी आल्यापासून चाळिसाव्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं घालायचं जेवण प्रिसिलानं एकटीनं रांधलं. सगळी गल्ली जेवली. थिओफिलस उशिरा आला, कोट सांभाळत बसला, पोटभर जेवला.

"आई, कुणाचं गं हे?"

"तुझ्या मावशीचं."

"मला मावशी होती?"

तिनं त्याच्या पानात आणखी भात वाढला. म्हणाली, "होती. जेव तू."